एक काना

फॉर्म रात्री बाराला उघडणार होता
म्हणून बाबांनी साडेअकराला दाढी केली,
इस्त्रीचा शर्ट घातला.
"कोण बघायला येणारे तुम्हाला?" आई झोपेतच म्हणाली.
पहिल्या पाळीचा माणूस.
तेवीस वर्षं सातच्या भोंग्याआधी वीस मिनिटं गेटवर,
कार्डावर एकदाही लाल शिक्का नाही.

मी सांगून पाहिलं होतं,
यादी पर्सेंटाइलनं लागते, बाबा.
आज भरला काय नि शेवटच्या दिवशी भरला काय,
कोण किती वाजता आलं ते मशीनला कळत नाही.
म्हणाले, मशीनला सगळं कळतं.
तू अजून उभी राहिली नाहीस मशीनवर.

बारा वाजून चार मिनिटांनी साइट बसली.
गोल फिरत राहिलं ते पांढरं चाक
आणि बाबा त्याच्याकडे बघत राहिले,
लेथवरच्या चकाकडे बघतात तसे,
हात मागे बांधून.
एक दहाला नाव गेलं: कुदळे अश्लेषा वामन.
"कॉलेज कुठलं टाकलंस?"
पसंती नंतर असते, बाबा. आधी कागद तपासतात.
"मग सकाळी जाऊ."

भोसरीहून पहिली बस.
दिवाळी बोनसच्या मिठाईसोबत आलेली प्लास्टिकची पिशवी,
तिच्यात माझी सतरा वर्षं, झेरॉक्सच्या तीन-तीन प्रतींत.
संगमाजवळच्या कॉलेजचं फाटक बंद होतं.
"केंद्र दहाला उघडतं," वॉचमन म्हणाला.
"बसतो ना," बाबा म्हणाले.
वॉचमननं वहीचं पान टरकावलं,
त्यावर एक आकडा लिहून दिला. आकडा: एक.

खाली नदीत मुलं होडी वल्हवत होती.
मी त्यांचे टी-शर्ट बघत होते, पाठीवरचं कॉलेजचं नाव.
बाबा डोळे मिटून ऐकत होते.
"डावीकडच्या वल्ह्याला ग्रीस नाही," म्हणाले.
"इंजिनीअर होणार म्हणे ही पोरं."

साडेनऊनंतर गाड्या यायला लागल्या.
रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या फायली,
फोनवर क्लासचे सर,
"सर, फ्लोट करायचं का फ्रीज?"
एका काकांनी विचारलं, तुमचं किती?
मी सांगितलं. ते "छान" म्हणाले,
जरासं लांबून.

खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर सरकवला.
"दाखल्यावर कुदळे. नॉन-क्रीमीलेअरवर कुदाळे.
एक काना जास्त आहे."

मला वाटलं, बाबा आता हात जोडतील,
म्हणतील, मॅडम, एवढंसं तर आहे.
पण हा माणूस दोन शतांशासाठी
अख्खी पेटी परत पाठवतो,
सुपरवायझर समोर उभा असला तरी.
त्यांनी कागद उजेडात धरला.
त्या कान्यावरून अंगठा फिरवला,
कडेला बर राहिलाय का बघतात तसा.
कानस लावून निघण्यासारखा नव्हता.
"बरोबर आहे यांचं," म्हणाले. मला. बाईंना नाही.

"अकरा दिवस आहेत अजून," बाई जरा हळू बोलल्या,
"बरं झालं आज आलात."

परतीच्या बसमध्ये ते बोटांवर मोजत होते:
सेतू, प्रतिज्ञापत्र, मधला रविवार, दोन हाफ-डे.
मी म्हणाले, आणि सगळं होऊन नंबरच नाही लागला तर?
ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,
गेजला दोन टोकं असतात.
एक आत गेलंच पाहिजे,
दुसरं जाताच कामा नये.
दोन्ही घालून बघितल्याशिवाय
जॉब फेकायचा नसतो.

मग नाशिक फाट्याला झोपले, तोंड उघडं टाकून.
खिशातून चिठ्ठी डोकावत होती. एक.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला आम्ही सेतूच्या दारात.
आमच्या पुढे तिघं होती,
तिघांच्याही मांडीवर पिशव्या.
बाबा त्यांच्याकडे
बराच वेळ बघत राहिले.